छातीत दुखणं, ईसीजी आणि हार्ट अटॅक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीत दुखतंय म्हणून माणूस इमर्जन्सीत आला की सगळ्यांत आधी त्याचा ईसीजी निघतो, आणि त्या पट्टीवरून प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. नातेवाईक तर विचारतातच, नुकतेच रुजू झालेले डॉक्टर आणि परिचारिकाही विचारतात. दोन्हीकडचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र घेतलेत, त्यामुळे काही उत्तरं सोपी आहेत, काही जरा तांत्रिक. आत्ता या क्षणी कुणाच्या छातीत दुखत असेल तर मात्र वाचत बसू नका, रुग्णवाहिका बोलवा.

ईसीजी नॉर्मल आला. म्हणजे हार्ट अटॅक नाही ना?

तसं म्हणता येत नाही. हा प्रश्न पहिला घेतला, कारण सगळ्यांत जास्त घोळ याच उत्तरापाशी होतो.

नेहमीच्या ईसीजीच्या कागदावर जेमतेम १० सेकंदांचं हृदय उमटतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीतली गुठळी मात्र एकाच अवस्थेत बसून राहत नाही. कधी धमनी पूर्ण बंद होते, कधी थोडी उघडते, पुन्हा बंद होते. पट्टी निघाली त्या १० सेकंदांत रक्त वाहत असेल तर कागद अगदी स्वच्छ दिसू शकतो. शिवाय हृदयाचा मागचा भाग, विशेषतः सर्कमफ्लेक्स धमनीचा इलाका, नेहमीच्या बारा लीड्सना (ईसीजीच्या हृदयाकडे बघण्याच्या कोनांना) नीट दिसतच नाही. तिसरी गोष्ट म्हणजे वेळ. दुखायला लागून दहा-पंधरा मिनिटंच झाली असतील तर बदल इतके बारीक असतात की ते नजरेतून सुटतात.

म्हणून पहिला ईसीजी नॉर्मल आणि दुखणं चालू, अशी स्थिती असेल तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढायचा. मध्येच दुखणं वाढलं, घाम फुटला किंवा रक्तदाब पडला तर तेव्हाच काढायचा. जोडीला रक्तातलं ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन), तेही एकदा बघून सोडून द्यायचं नाही, काही तासांच्या अंतराने पुन्हा बघायचं.

मला स्वतःला नुसतं 'ईसीजी नॉर्मल' हे वाक्य केसपेपरवर चालत नाही. किती वाजता काढला आणि काढताना दुखत होतं की थांबलं होतं, हे त्या कागदावरच पेनाने लिहिलेलं असावं. पुढच्या पाळीचा डॉक्टर ते आधी वाचतो.

मग सरळ रक्तच का तपासत नाहीत?

कारण रक्ताला वेळ लागतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर ट्रोपोनिन रक्तात मोजण्याइतकं वाढायला साधारण दोन-तीन तास जातात. नव्या अतिसंवेदनशील चाचण्यांत ते लवकर सापडतं, तरी पहिल्या तासातला आकडा फसवू शकतो. ईसीजी पाच मिनिटांत हातात येतो.

पण वेगापेक्षा महत्त्वाचं हे की दोन्ही चाचण्यांचं काम वेगळं आहे. स्नायूला इजा झाली का, हे ट्रोपोनिन सांगतं. ईसीजीकडून आपल्याला हवं असतं ते दुसरंच उत्तर: आत्ता, या घटकेला एखादी मोठी धमनी बंद आहे का, आणि ती ताबडतोब उघडायला हवी का? त्या प्रश्नाला ट्रोपोनिनची वाट बघत थांबता येत नाही. ईसीजीत उत्तर स्पष्ट 'हो' असेल तर रक्ताचा रिपोर्ट यायच्या आत रुग्ण कॅथलॅबकडे (अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीकडे) निघालेला असला पाहिजे.

याच कारणासाठी छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी आल्यापासून १० मिनिटांच्या आत काढून तो डॉक्टरांनी पाहिलेला असावा, असं जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. नुसता काढून टेबलावर ठेवलेला ईसीजी या हिशोबात धरायचा नाही.

त्या रेघांत डॉक्टर नेमकं काय शोधतात?

प्रत्येक ठोक्याला कागदावर एक ठरावीक आकृती उमटते. आधी छोटा पी, मग टोकदार क्यूआरएस, शेवटी गोलसर टी. क्यूआरएस संपून टी सुरू होईपर्यंतचा तुकडा म्हणजे एसटी. निरोगी माणसात तो साधारण मूळ रेषेवरच असतो. धमनी पूर्ण बंद झाली आणि स्नायूची संपूर्ण जाडी रक्ताविना तडफडू लागली की त्या भागावरच्या लीड्समध्ये एसटी वर उचलला जातो. न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड पार्डी यांनी १९२० मध्ये ही खूण प्रथम नेमकी मांडली. पुढे १९८० मध्ये झटक्याच्या पहिल्या चार तासांत अँजिओग्राफी करून पाहिलं, तेव्हा अशा रुग्णांपैकी सुमारे ८७ टक्के जणांची धमनी पूर्ण बंद सापडली. एसटी वर गेला की एवढी धावपळ का होते, याचं उत्तर त्या आकड्यात आहे.

मोजमाप असं. कागदावरचा एक छोटा चौकोन उंचीला १ मिलिमीटर, म्हणजे ०.१ मिलिव्होल्ट. क्यूआरएस जिथे संपतो त्या 'जे' (J) बिंदूपाशी मोजायचं. शेजारशेजारच्या किमान दोन लीड्समध्ये १ मिलिमीटर किंवा जास्त उचल हवी. फक्त छातीवरच्या व्ही२ आणि व्ही३ या लीड्सचा निकष वेगळा आहे, कारण तिथे निरोगी माणसातही एसटी थोडा वर असतो. चाळिशीच्या पुढच्या पुरुषांत २, त्याखालच्या पुरुषांत २.५ आणि स्त्रियांत १.५ मिलिमीटर.

आकडे पाठ असावेत, पण आकड्यांना चिकटून बसू नये. ०.८ मिलिमीटर उचल, समोरच्या (हृदयाच्या विरुद्ध बाजूच्या) लीड्समध्ये एसटी खाली आणि घामाने निथळणारा माणूस हे तिन्ही एकत्र असेल तर मी मिलिमीटर मोजत बसणार नाही. अगदी सुरुवातीला तर एसटी हलायच्या आधीच टी लाट फुगते, आपल्याच क्यूआरएसच्या मानाने बेढब मोठी आणि रुंद दिसते. ती ओळखता आली तर बरीच मिनिटं वाचतात.

बारा लीड्स म्हणतात, पण वायरी तर दहाच असतात?

बरोबर मोजल्यात. हातापायांना चार आणि छातीवर सहा. लीड म्हणजे वायर नव्हे, हृदयाकडे बघण्याचा एक कोन. हातापायांच्या वायरींतून यंत्र सहा कोन तयार करतं, म्हणजे लीड १, २, ३, एव्हीआर, एव्हीएल आणि एव्हीएफ (उजव्या पायाची वायर फक्त अर्थिंगसारखी असते), आणि छातीवरचे सहा वेगळे, व्ही१ ते व्ही६. विलेम आइंटहोवेन यांच्या मूळ यंत्रात रुग्ण हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यात बुडवून बसायचा. त्या यंत्राचं वजन शेकडो किलो होतं. या कामासाठी १९२४ चं नोबेल त्यांना मिळालं.

झटका हृदयाच्या कुठल्या भागाला आलाय, हे ईसीजीवरून कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. व्ही१ ते व्ही४ मध्ये एसटी वर म्हणजे पुढची भिंत, बहुतेक वेळा एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी डावी धमनी. लीड १, एव्हीएल, व्ही५, व्ही६ म्हणजे डावी बाजू. लीड २, ३ आणि एव्हीएफ म्हणजे खालची भिंत, जिला सगळे 'इन्फिरिअर वॉल' म्हणतात. तिथे बहुतेकदा उजवी धमनी बंद असते, आणि लीड ३ मधली उचल लीड २ पेक्षा जास्त असेल तर तो संशय पक्का होतो.

खालच्या भिंतीपाशी जरा थांबायला हवं. इथे एव्हीएलमध्ये एसटी खाली जातो, आणि पुष्कळदा तो लीड ३ मधली उचल ठळक व्हायच्या आधीच जातो. त्यामुळे खालच्या लीड्सबद्दल शंका असेल तर नजर एव्हीएलकडे वळवायची. दुसरं म्हणजे, इन्फिरिअर झटका दिसला की उजव्या बाजूचा ईसीजी काढायचाच. व्ही४ चा इलेक्ट्रोड उजव्या छातीवर, आरशात दिसेल तशा जागी लावून व्ही४आर बघायचा. त्यात एसटी वर असेल तर उजवा कप्पाही सापडलाय. अशा रुग्णाचा रक्तदाब पूर्णपणे शिरांतून परत येणाऱ्या रक्तावर तगून असतो. त्याच्या जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची (रक्तवाहिन्या सैल करणारी) गोळी ठेवली तर रक्तदाब धाडकन कोसळू शकतो. एक इलेक्ट्रोड हलवायला अर्धं मिनिट लागतं, तेवढं टाळू नये.

मागच्या भिंतीचा प्रकार उलटा. तिच्यावर थेट बघणारी लीडच नसल्याने व्ही१ ते व्ही३ मध्ये तिची उलटी प्रतिमा पडते: एसटी खाली, क्यूआरएसमधला आर उंच, टी वरच्या दिशेला. पाठीवर डाव्या खवाट्याच्या खाली व्ही७, व्ही८, व्ही९ लावले की खरं चित्र समोर येतं, आणि तिथे अर्धा मिलिमीटर उचलही पुरेशी धरतात.

एसटी वर असला म्हणजे हार्ट अटॅकच का?

नाही. हृदयाच्या आवरणाला सूज आली तर जवळजवळ सगळ्याच लीड्समध्ये एसटी वर जातो, खोलगट वळणाने, आणि पी व क्यूआरएस यांच्यामधला पीआरचा तुकडा खाली उतरतो. तरुण, निरोगी मुलांत जन्मजात ठेवणीमुळेही एसटी थोडा वर असतो. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने जाड झालेलं हृदय, जुन्या झटक्यानंतर फुगलेली भिंत, रक्तात वाढलेलं पोटॅशियम, ब्रुगाडा सिंड्रोम (हृदयाच्या विजेचा आनुवंशिक दोष), सगळे ही नक्कल करतात. झटक्याच्या बाजूने कौल देणारी सगळ्यांत भरवशाची खूण म्हणजे समोरच्या लीड्समध्ये खाली गेलेला एसटी, आणि अर्ध्या तासात बदलणारं चित्र. नकला सहसा तशाच राहतात.

एक नक्कल मात्र जिवावर बेतते. महाधमनीचा आतला थर फाटत गेला आणि ती चीर उजव्या धमनीच्या तोंडापर्यंत पोहोचली तर ईसीजी हुबेहूब इन्फिरिअर झटक्याचा येतो. त्या माणसाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तर आतला रक्तस्राव आवरता येत नाही. पाठीत फाटल्यासारखं दुखणं, दोन हातांच्या रक्तदाबात फरक, अचानक आलेला अशक्तपणा यांतलं काही दिसलं तर इंजेक्शन भरण्याआधी क्षणभर थांबून विचार करायचा.

एसटी खाली आहे किंवा टी उलटा आहे, वर नाही. मग घाई नाही ना?

कागदावर याला एनस्टेमी (एसटी वर न गेलेला हार्ट अटॅक) किंवा अनस्टेबल अँजायना (स्नायूला इजा न झालेलं, पण धोक्याचं दुखणं) म्हणतात, आणि बहुतेक रुग्णांना औषधं सुरू करून एक-दोन दिवसांत अँजिओग्राफी करणं योग्यच असतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन यांना देत नाहीत, त्याने फायदा होत नाही, अपाय मात्र होतो.

पण 'एसटी वर नाही, म्हणजे धमनी उघडी आहे' हा हिशोब चुकीचा आहे. एनस्टेमी म्हणून दाखल झालेल्या रुग्णांपैकी साधारण पाव जणांची दोषी धमनी अँजिओग्राफीत पूर्ण बंद सापडते. काही आकृत्या तर ओळखीच्याच करून ठेवाव्यात. छातीच्या लीड्समध्ये 'जे' बिंदू खाली, तिथून चढत जाणारा एसटी आणि पुढे उंच टोकदार टी, ही डी विंटर यांनी २००८ मध्ये दाखवलेली आकृती एलएडी बंद असल्याचं सांगते. दुसरी वेलेन्स यांच्या गटाने १९८२ मध्ये वर्णन केलेली: व्ही२-व्ही३ मध्ये टी खोल उलटा किंवा अर्धा वर अर्धा खाली. हिची गंमत, म्हणजे धोका, असा की ती दुखणं थांबलेलं असताना दिसते. रुग्ण म्हणतो आता बरं वाटतंय, ट्रोपोनिन जेमतेम, आणि कुणीतरी स्ट्रेस टेस्ट लिहून देतं. एलएडीच्या तोंडाशी गच्च अडथळा असलेल्या माणसाला ट्रेडमिलवर चढवू नये. आणि एव्हीआरमध्ये एसटी वर, बाकी सहा किंवा जास्त लीड्समध्ये एसटी खाली, असं दिसलं तर मुख्य डावी धमनी किंवा एकदम तीन धमन्यांचा विचार करायचा. फक्त मोठा रक्तस्राव किंवा टोकाचा रक्तक्षय हेही तेच चित्र देतात, त्यामुळे पापण्या उलटून बघायला विसरू नये.

दुखणं औषधांनी थांबत नसेल, रक्तदाब पडत असेल किंवा ठोक्यांची धोकादायक गडबड सुरू असेल तर ईसीजीवर नाव काहीही असो, अँजिओग्राफी दोन तासांच्या आत.

लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक किंवा पेसमेकर असेल तर ईसीजी वाचताच येत नाही, खरं का?

अवघड होतो, निरुपयोगी होत नाही. पूर्वी नवा एलबीबीबी (लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूकडे जाणारा विजेचा मार्ग अडणं) दिसला की तो झटकाच धरत असत. २०१३ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी ते सोडून दिलं, कारण त्यामुळे भरपूर लोकांची विनाकारण अँजिओग्राफी होत होती. आता बघायचं ते हे: अशा हृदयात एसटी नेहमी क्यूआरएसच्या विरुद्ध दिशेला जातो. तो त्याच दिशेला गेला तर गडबड आहे. स्गार्बोसा यांनी १९९६ मध्ये दिलेले निकष याच तत्त्वावर उभे आहेत.

यंत्र वरच्या कोपऱ्यात निदान छापतं. ते खरं मानायचं का?

वाचायचं, पण सगळ्यांत शेवटी. ठोक्यांची गती आणि अंतरं यंत्र चांगलं मोजतं. झटक्याच्या बाबतीत ते दोन्हीकडे चुकतं. थरथरत्या हाताला झटका म्हणतं आणि नुकत्या फुगू लागलेल्या टी लाटेला नॉर्मल. कोपरा अंगठ्याने झाकून आधी स्वतः वाचावं.

इलेक्ट्रोड लावण्यात एवढं काय चुकणार?

पुष्कळ. सगळ्यांत नेहमीची चूक म्हणजे व्ही१ आणि व्ही२ खूप वर, गळ्याच्या हाडाजवळ लावणं. त्यांची जागा चौथ्या बरगडीखालच्या फटीत, छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही कडांना. बोटाने हाडावरचा आडवा उंचवटा शोधायचा, त्याला चिकटलेली दुसरी बरगडी, तिथून खाली मोजत यायचं. वर लागले की जुना झटका असल्याचा खोटा भास होतो. व्ही४ पाचव्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. व्ही५ आणि व्ही६ त्याच आडव्या पातळीत, बरगडीच्या उताराबरोबर वर सरकवायचे नाहीत. स्त्रियांत व्ही४ पासून पुढचे स्तनाच्या खाली लावतात. संकोचापोटी कपड्यांवरून अंदाजे चिकटवलेला ईसीजी पुढे सगळ्यांनाच महागात पडतो. पडदा ओढा, काय करणार ते सांगा, आणि नीट लावा.

हातांच्या वायरी उलट लागल्या तर लीड १ पूर्ण उलटी दिसते आणि एव्हीआर सरळ. लीड २ जवळजवळ सपाट रेघ आली तर उजव्या पायाची आणि उजव्या हाताची वायर अदलाबदल झाली असण्याची शक्यता जास्त. घामाने ओली छाती कोरडी पुसा, केस दाट असतील तर काढा. झटक्याचा रुग्ण घामाने भिजलेलाच असतो, आणि नेमका त्याचाच इलेक्ट्रोड सुटतो.

आणखी एक. पलंगाशेजारच्या मॉनिटरवर दिसणाऱ्या एसटीवरून निदान करू नका. रेघ डोलू नये म्हणून मॉनिटर ज्या गाळणीतून ती रेघ दाखवतो, त्या गाळणीत एसटीचा आकार बिघडतो. मॉनिटरवर काही वेगळं वाटलं तर पूर्ण बारा लीड्सचा कागद काढा.

छातीत दुखत नसतानाही ईसीजी का काढतात?

मधुमेही, वयस्क आणि पुष्कळदा स्त्रिया यांच्यात झटका छातीत कळ घेऊन येतोच असं नाही. नुसती धाप, जबडा किंवा डावा खांदा दुखणं, पोटाच्या वरच्या भागात जडपणा, उलट्या, चक्कर, कारण न कळणारा थकवा. यांतलं काहीही असेल आणि दुसरं ठोस कारण समोर नसेल तर ईसीजी निघायला हवा.

ॲसिडिटीचं औषध दिल्यावर बरं वाटलं. मग ॲसिडिटीच होती ना?

त्यावरून काही ठरत नाही. झटक्याचं दुखणंही मधूनमधून ओसरतं. नायट्रेटच्या (नायट्रोग्लिसरीनसारख्या) गोळीने आराम पडला म्हणून हृदयाचंच दुखणं होतं, हेही तितकंच कच्चं अनुमान.

ईसीजीत स्टेमी (एसटी वर गेलेला हार्ट अटॅक) दिसला. पुढे काय?

ॲस्पिरिन, साधारण ३०० मिलिग्रॅम, चघळून, वावडं किंवा चालू रक्तस्राव नसेल तर. मग एकच प्रश्न: धमनी कुठे आणि कशी उघडायची? अँजिओप्लास्टीची सोय तिथेच असेल तर ९० मिनिटांच्या आत, जमल्यास ६०. दुसरीकडे न्यायचं असेल आणि निदानापासून धमनी उघडेपर्यंत १२० मिनिटांपेक्षा जास्त लागणार असतील, तर दुखायला लागून १२ तास उलटलेले नाहीत अशा रुग्णाला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, अर्थात अलीकडची मोठी शस्त्रक्रिया, मेंदूतला रक्तस्राव यांसारखी आडकाठी नसेल तर. इंजेक्शननंतर ६० ते ९० मिनिटांनी पुन्हा ईसीजी. सर्वांत उंच लीडमधला एसटी निम्म्याने किंवा जास्त उतरला तर धमनी उघडली असं समजतात. उतरला नाही तर तातडीने अँजिओप्लास्टीसाठी हलवावं लागतं. इंजेक्शन दिलं म्हणजे काम झालं, असं समजून हा दुसरा ईसीजी राहून जातो, आणि रुग्ण तिथेच अडकून पडतो.

रुग्णवाहिकेत ईसीजी काढून तो फोनवर पुढे पाठवता आला तर रुग्णालयात पोहोचेपर्यंत कॅथलॅब तयार असते. याने वाचणारा वेळ इतर कुठल्याही युक्तीने वाचत नाही.

स्मार्टवॉचवर ईसीजी निघतो. तो चालेल का?

झटक्यासाठी नाही. घड्याळ एकाच लीडमधून बघतं आणि ठोक्यांची अनियमितता पकडायला ते बरं आहे. छातीत दुखत असताना घड्याळाने सगळं ठीक सांगितलं तरी निघायचंच.

जुना ईसीजी कशाला मागतात?

आजच्या कागदावरचा बदल नवा आहे की वर्षानुवर्षांचा, हे त्याशिवाय ठरत नाही. जुन्या झटक्याच्या क्यू लाटा (क्यूआरएसच्या सुरुवातीचे खोल खड्डे) बहुतेकांत कायम राहतात, काहींचा टी कायमचा उलटा असतो, कुणाला एलबीबीबी आधीपासून असतो. जुना कागद शेजारी ठेवला की अर्ध्या शंका तिथेच मिटतात. ईसीजीचा कागद उष्णतेवर उमटणारा असतो, काही वर्षांत फिका पडतो आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात तर लवकरच. म्हणून तब्येत बरी असताना काढलेल्या ईसीजीचा सरळ वरून, सगळ्या लीड्स आणि तारीख दिसेल असा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, आणि घरातल्या आणखी एका माणसाच्या फोनमध्येही.